जुनी फर्नेस बदलताना: मापापासून इन्स्पेक्शनपर्यंतचा क्रम

अमेरिका-कॅनडातल्या आपल्या लोकांच्या घरांत फर्नेस, म्हणजे अख्खं घर तापवणारं यंत्र, बहुतेक वेळा ऐन जानेवारीत बदलली जाते. घर गार पडलेलं असतं आणि जो काँट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी येऊ शकतो त्याला काम मिळतं. तो जुन्या फर्नेसवरचा आकडा वाचतो, तेवढ्याच आकड्याची नवी आणतो, संध्याकाळपर्यंत घर तापतं आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. चुका नंतर दिसायला लागतात. खोल्या झटक्यात तापतात आणि झटक्यात निवतात, बेसमेंटमध्ये पाणी झिरपतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वॉटर हीटरचा धूर चिमणीतून वर जाण्याऐवजी घरात उतरतो. या सगळ्यामागे क्रमाची चूक असते. कोणती फर्नेस घ्यायची हे शेवटी ठरवायचं असतं आणि आपण तिथूनच सुरुवात करतो.

हा लेख नैसर्गिक गॅसवर चालणाऱ्या आणि डक्टमधून (खोल्यांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांतून) गरम हवा सोडणाऱ्या फर्नेसबद्दल आहे. गॅसचं आणि धुराच्या पाइपचं काम लायसन्स असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, स्वतः हात लावू नका. मापं घेणं, प्रश्न विचारणं आणि झालेलं काम तपासणं मात्र घरमालकानेच करायचं असतं. ते दुसरं कोणी करत नाही.

१. आहे त्या फर्नेसची नोंद करा

फर्नेसचं पुढचं झाकण काढलं की आत एक लेबल दिसतं. त्यावरचे इनपुट बीटीयू (तासाला जळणाऱ्या गॅसची उष्णता; बीटीयू हे उष्णतेचं माप), आउटपुट बीटीयू (घराला मिळणारी उष्णता), मॉडेल आणि सिरियल नंबर यांचा फोटो घ्या. मग धुराचा पाइप पाहा. तो धातूचा असून चिमणीत जात असेल तर फर्नेस साधारण ८० टक्के कार्यक्षमतेची आहे, किंवा त्याहूनही जुनी. पांढऱ्या प्लास्टिकचा पाइप भिंतीतून बाहेर जात असेल तर तुमची फर्नेस आधीच कंडेन्सिंग प्रकारची, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारी आहे. मग पुढची बरीच डोकेदुखी तुम्हाला नाही.

कार्यक्षमतेचा आकडा एएफयूई म्हणून लिहिलेला असतो. ८० एएफयूई म्हणजे वर्षभरात शंभर डॉलरचा गॅस जाळला तर ८० डॉलरची ऊब घरात आणि २० डॉलरची धुराड्यातून बाहेर. बचतीचा हिशेब सोपा आहे: जुन्या आकड्याला नव्याने भागा आणि उत्तर १ मधून वजा करा. ८० ची फर्नेस काढून ९६ ची बसवली तर घर तापवण्याचा गॅस साधारण १७ टक्क्यांनी कमी होतो. सतत पेटत्या पायलटची (बर्नर पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीची) ६५ टक्क्यांची जुनी फर्नेस असेल तर ३२ टक्क्यांनी. ही टक्केवारी फक्त घर तापवण्याच्या गॅसवर लावा, पूर्ण बिलावर नाही. विकणारे लोक ती सर्रास पूर्ण बिलावर लावून दाखवतात.

आणखी काही फोटो काढून ठेवा: वॉटर हीटरचा धुराचा पाइप, चिमणी, जमिनीतला ड्रेन, फर्नेसच्या डोक्यावरची एसीची कॉइल आणि फिल्टरची जागा.

> सावधान: हीट एक्स्चेंजरला (ज्योतीचा धूर आणि घरातली हवा वेगळी ठेवणाऱ्या धातूच्या भागाला) तडा गेलाय असं कोणी सांगितलं तर फोटो किंवा व्हिडिओ मागा आणि दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्या. तोवर फर्नेस बंद ठेवा. दुसरं मत येईपर्यंत एखाद-दोन दिवस इलेक्ट्रिक हीटरवर काढता येतात.

२. फर्नेसआधी घराची गळती बंद करा

अ‍ॅटिकच्या झाकणाभोवतीच्या फटी, बेसमेंटच्या भिंतीवर जिथे लाकडी चौकट टेकते ती कड आणि अ‍ॅटिकमधलं विरळ इन्शुलेशन ही तीन ठिकाणं आधी हाताळा. हे काम नंतर केलं तर घराची गरज कमी होते आणि नुकतीच घेतलेली फर्नेस मोठी ठरते.

डक्टचे सांधेही आताच बंद करा. अ‍ॅटिक, गॅरेज किंवा क्रॉलस्पेसमधून जाणारे डक्ट सर्वात आधी, कारण तिथे गळलेली गरम हवा सरळ बाहेरच जाते. त्यासाठी मॅस्टिक (सांध्यांवर फासायचा घट्ट लेप) किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइलची टेप वापरा. कापडी डक्ट टेप उष्णतेने सुकून सुटते, तिच्या नावावर जाऊ नका.

३. माप काढा, आणि दोन वाटांनी काढा

सर्वात जास्त घरं इथे फसतात. जुन्या फर्नेस बऱ्याचदा गरजेपेक्षा दुप्पट-तिप्पट मोठ्या असतात, आणि जुन्याएवढीच नवी घेतली तर ती चूक आणखी वाढते. १,००,००० बीटीयूची ८० टक्क्यांची फर्नेस घराला ८०,००० देते. १,००,००० चीच पण ९६ टक्क्यांची घेतली तर ती ९६,००० देते. मोठी फर्नेस पाच मिनिटं धडधडून बंद पडते, दूरच्या खोलीपर्यंत ऊब पोचतच नाही, आवाज वाढतो आणि सतत चालू-बंद होण्याने सुटे भाग लवकर झिजतात.

रीतसर पद्धतीला मॅन्युअल जे म्हणतात. त्यात भिंती, खिडक्या, इन्शुलेशन, दिशा आणि तुमच्या गावाचं तापमान धरून प्रत्येक खोलीचा हिशेब होतो. काँट्रॅक्टरकडे तो मागाच. पण त्याच्या आधी गॅसच्या बिलावरून स्वतःचा आकडा काढून ठेवा, म्हणजे समोरचा माणूस हिशेब करतोय की अंदाज सांगतोय ते लगेच कळतं.

एक नमुना घेऊ. समजा जानेवारीत २०० थर्म गॅस लागला. जुलैत, म्हणजे फक्त आंघोळीचं पाणी आणि शेगडीवर, २५ थर्म लागले होते. घर तापवायला गेले १७५ थर्म. एक थर्म म्हणजे १,००,००० बीटीयू आणि फर्नेस ८० टक्क्यांची, म्हणून घरात आले १ कोटी ४० लाख बीटीयू. जानेवारीचे तास ७४४. भागाकार केला की तासाला सरासरी १८,८०० बीटीयू.

त्या महिन्यात बाहेरचं सरासरी तापमान ३० अंश फॅरनहाइट होतं असं धरू. माणसं, दिवे, स्वयंपाक आणि ऊन यांच्या उष्णतेमुळे घराला साधारण ६५ अंशांच्या खाली गेल्यावरच फर्नेस लागते, म्हणून फरक ३५ अंशांचा. १८,८०० भागिले ३५, म्हणजे दर अंशामागे सुमारे ५४० बीटीयू. आता तुमच्या गावाचं हिवाळ्याचं डिझाइन तापमान घ्या. वर्षातले ९९ टक्के तास हवा ज्याच्यापेक्षा उबदार असते तो हा आकडा. इथे १० अंश समजू. कडाक्याच्या रात्री ऊन नसतं, स्वयंपाक नसतो, म्हणून या वेळी ६५ ऐवजी ७० धरा. फरक ६० अंश, आणि गरज तासाला सुमारे ३२,००० बीटीयू.

ज्या घरात १,००,००० ची फर्नेस आहे त्याची खरी गरज ३२,०००! फर्नेस निवडण्याच्या मॅन्युअल एस नावाच्या पद्धतीत आउटपुट गरजेच्या १.४ पटीपर्यंत चालतं, म्हणजे इथे ४५,००० पर्यंत. ४०,००० इनपुटची ९६ टक्क्यांची फर्नेस ३८,४०० देते, तेवढी पुरते.

दुसरी वाट घड्याळाची. हिवाळ्यातल्या सर्वात थंड रात्री थर्मोस्टॅट एकाच आकड्यावर ठेवा आणि तासाभरात बर्नर एकूण किती मिनिटं पेटला ते मोजा. ८०,००० आउटपुटची फर्नेस तासात २४ मिनिटं चालली तर गरज ३२,०००. दोन्ही वाटांचे आकडे जवळपास आले की माप पक्कं समजा.

> तपासा: घर समुद्रसपाटीपासून बरंच उंच असेल, उदाहरणार्थ डेन्व्हरमध्ये, तर विरळ हवेमुळे फर्नेसचं आउटपुट कमी होतं. किती घटवायचं ते उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

> तपासा: फर्नेसचा पंखाच उन्हाळ्यात एसीची हवा फिरवतो. एसीच्या दर टनाला साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. छोटी फर्नेस निवडताना तिचा पंखा तुमच्या एसीला पुरतो का, हे मॉडेलच्या तक्त्यात पाहा.

४. धूर कुठून जाणार, पाणी कुठे जाणार, ते ठरवा

कंडेन्सिंग फर्नेस धुरातल्या वाफेचंसुद्धा पाणी करून तिची उष्णता काढून घेते. म्हणून तिचा धूर इतका निवलेला असतो की तो चिमणीतून आपोआप वर चढत नाही, आणि त्यातून आम्लयुक्त पाणी गळतं. जुन्या चिमणीत तो सोडायचा नसतो. त्याला प्लास्टिकचा स्वतंत्र पाइप लागतो. शक्य असेल तिथे दोन पाइप घ्या: एक धूर बाहेर टाकणारा आणि दुसरा जळणासाठी बाहेरची हवा आत आणणारा.

एकटा राहिलेला वॉटर हीटर. जुन्या घरांत फर्नेस आणि वॉटर हीटर एकाच चिमणीत धूर सोडतात. फर्नेस तिथून निघाली की चिमणी एकट्या छोट्या वॉटर हीटरसाठी फार रुंद पडते. ती पुरेशी तापत नाही, आतल्या विटांवर पाणी धरतं, ओढ मंदावते आणि कार्बन मोनॉक्साइडसकट धूर घरात येऊ शकतो. यावर तीन मार्ग आहेत: चिमणीत योग्य मापाचा धातूचा लायनर (आतला अरुंद पाइप) घालणं, पंख्याने धूर बाहेर फेकणारा वॉटर हीटर घेणं, किंवा इलेक्ट्रिक वॉटर हीटर घेणं. वॉटर हीटर दहा-बारा वर्षांचा असेल तर लायनरवर पैसे घालू नका, तोही याच वेळी बदला. कोटमध्ये या मुद्द्याचा उल्लेखच नसेल तर त्या काँट्रॅक्टरला काम देऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

आपल्या घरांत हा धोका जास्त आहे, कारण फोडणीच्या वासासाठी आपण ताकदीचा रेंज हूड बसवतो. तो मिनिटाला शेकडो घनफूट हवा बाहेर फेकतो आणि तेवढी हवा घर कुठून तरी ओढतं. चिमणीची ओढ कमजोर असेल तर ती चिमणीतूनच ओढली जाते. परीक्षा घरी करता येते: सगळ्या खिडक्या बंद करा, हूड, बाथरूमचे पंखे आणि ड्रायर चालू करा, गरम पाण्याचा नळ सोडून वॉटर हीटर पेटू द्या. पाच मिनिटांनी त्याच्या डोक्यावरच्या उघड्या टोपीपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो बाहेर ढकलला जात असेल तर लगेच हूड आणि वॉटर हीटर बंद करा, खिडक्या उघडा आणि माणूस बोलवा.

बेसमेंट फिनिश करताना फर्नेसची खोली बंदिस्त केली असेल तर तिथल्या साध्या वॉटर हीटरला जळायला हवा पुरते का तेही पाहा. दर १,००० बीटीयूला ५० घनफूट जागा हा रूढ नियम आहे. ४०,००० च्या हीटरला २,००० घनफूट लागतात. खोली लहान असेल तर दरवाजाला वर-खाली जाळ्या बसवाव्या लागतात.

पाणी. कडाक्याच्या दिवशी फर्नेसमधून काही गॅलन पाणी निघतं. ते उताराने ड्रेनमध्ये गेलं तर उत्तम, नाहीतर छोटा पंप लागतो. पाणी आम्लयुक्त असल्याने ओतीव लोखंडी ड्रेन आणि सिमेंट खातं, त्यासाठी चुनखडीचे खडे भरलेली न्यूट्रलायझरची नळी मध्ये बसवतात. पाण्याची नळी गारठणाऱ्या गॅरेजमधून किंवा अ‍ॅटिकमधून नेऊ देऊ नका. ती गोठली की फर्नेस बंद पडते, आणि गोठते ती नेमकी सर्वात थंड रात्री.

पाइपचं बाहेरचं तोंड. ते बर्फाच्या नेहमीच्या थरापेक्षा किमान फूटभर वर हवं. खिडकी, ड्रायरचं भोक आणि शेजाऱ्याच्या पायवाटेपासून दूर हवं. आडव्या पाइपला दर फुटाला पाव इंच उतार हवा आणि तो फर्नेसकडे, बाहेरच्या बाजूला नाही. कॅनडात पाइप यूएलसी एस६३६ या तिथल्या मानकाच्या मान्यतेचा लागतो.

५. आता फर्नेस निवडा

कॅनडात जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या घरगुती गॅस फर्नेसना किमान ९५ टक्के बंधनकारक आहे, तिथे ८० की ९६ हा प्रश्नच नाही. अमेरिकेत ८० ची अजून मिळते. थंड राज्यात मी ती घेणार नाही. पण ९६ आणि ९८ मधल्या फरकासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा ते डक्ट दुरुस्तीवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिंगल स्टेज (एकाच ज्योतीवर चालणारी), टू स्टेज (मंद आणि पूर्ण अशा दोन ज्योतींची) की मॉड्युलेटिंग (ज्योत गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारी)? माप बरोबर असेल तर बहुतेक घरांना टू स्टेज पुरते. ती बराच वेळ मंद चालते, आवाज कमी असतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्याही सारख्या तापतात. मॉड्युलेटिंगमध्ये सुटे भाग महाग आणि दुरुस्ती जाणणारे लोक कमी.

एसी जुना असेल तर दोन्ही एकदम बदलण्याचा विचार करा. १ जानेवारी २०२५ पासून आर-४१०ए वायूचे नवे घरगुती एसी अमेरिकेत बनत नाहीत. नव्यांत आर-४५४बी किंवा आर-३२ असतो आणि त्यांना जुनी कॉइल चालत नाही. एसीच्या जागी हीट पंप (हिवाळ्यात उलटा चालून घर तापवणारा एसी) आणि मदतीला छोटी फर्नेस ही जोडीही याच वेळी विचारून पाहा. तिसऱ्या टप्प्यातला हिशेब तिथेही उपयोगी पडतो.

६. कोट मागवा, तेही लेखी

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. तीन जणांना बोलवा. जो घरात शिरून टेप काढत नाही, खिडक्या पाहत नाही, वॉटर हीटरकडे ढुंकत नाही, त्याचा कोट बाजूला ठेवा. कोटमध्ये नेमका मॉडेल नंबर, मॅन्युअल जे, धुराच्या पाइपचा मार्ग, वॉटर हीटरचं काय करणार, ड्रेन, परमिट, चार इंची फिल्टरची पेटी, जुनी फर्नेस उचलून नेणं आणि सुरू करतानाची मापं हे सगळं लिहिलेलं हवं.

लायसन्स तपासा. न्यू जर्सीत एचव्हीएसीआर (हीटिंग-कूलिंगच्या कामाच्या) बोर्डाचं लायसन्स लागतं, ओंटारियोत टीएसएसए या तांत्रिक सुरक्षा संस्थेची नोंदणी. ओंटारियोत दारोदार फिरून फर्नेस विकायला १ मार्च २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा दारात आलेल्या माणसाला गॅसचं बिल दाखवू नका. महिन्याच्या भाड्याने फर्नेस देणारे करार टाळा. दहा वर्षांत फर्नेसच्या किमतीपेक्षा बरेच जास्त पैसे जातात आणि घर विकताना तो करार आडवा येतो.

> सावधान: अमेरिकेत २५सी हे फेडरल टॅक्स क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या उपकरणांना मिळत नाही. अजूनही ते दाखवून किंमत कमी सांगणाऱ्याला तसं सांगा. राज्याची किंवा गॅस कंपनीची सवलत वेगळी असते. तिला अर्ज कामाआधी करायचा की नंतर, ते आधी विचारा.

७. बसवण्याचा दिवस

परमिट दारावर लागल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. जुनी फर्नेस निघाल्यावर, नवी जागेवर बसण्याआधी, डक्टची जोडणी उघडी असते. तेव्हाच तिच्या कडा मॅस्टिकने बंद करून घ्या, नंतर तिथे हात पोचत नाही. फिल्टर सरकवायला आणि काढायला मोकळी जागा राहील ना, पाहा. गॅसच्या पाइपला खाली कचरा साठवणारा छोटा आंधळा तुकडा हवा आणि प्रत्येक नव्या जोडाची साबणाच्या पाण्याने गळती तपासायला हवी. चिमणीतलं फर्नेसचं जुनं भोक नीट बुजवलेलं हवं. थर्मोस्टॅटला सी-वायर (त्याला सतत वीज देणारी तार) नसेल तर आजच ओढून घ्या.

८. मापं घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका

घर गरम झालं म्हणजे काम झालं नाही. तंत्रज्ञाकडून चार आकडे कागदावर लिहून घ्या.

गॅसचा मॅनिफोल्ड दाब (बर्नरपाशी येणाऱ्या गॅसचा दाब): नैसर्गिक गॅससाठी पूर्ण ज्योतीवर साधारण ३.५ इंच (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला).

तापमानातली वाढ: पंधरा मिनिटं चालल्यावर जाणाऱ्या आणि परतणाऱ्या हवेतला फरक. तो लेबलवर छापलेल्या मर्यादेतच हवा. जास्त आला तर हवा कमी पडते आहे.

स्टॅटिक प्रेशर (हवा ढकलताना पंख्यावर येणारा दाब): बहुतेक फर्नेससाठी मर्यादा ०.५ इंच, त्याच मापात. याहून बरंच जास्त असेल तर डक्ट अरुंद आहेत किंवा फिल्टर फार दाट आहे. एक इंची मर्व्ह १३ (बारीक धूळ अडवणारा दाट) फिल्टर हे त्याचं नेहमीचं कारण. त्यासाठीच चार इंची पेटी मागायची.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड: अ‍ॅनालायझरने मोजलेला.

पाचवं माप तुम्ही स्वतः घ्या. वॉटर हीटर आणि शेगडी बंद ठेवा, फर्नेस पूर्ण ज्योतीवर चालू ठेवा आणि मीटरची एक घनफुटाची तबकडी किती सेकंदांत फिरते ते मोजा. ६०,००० बीटीयूच्या फर्नेसला साधारण ६२ सेकंद लागतात, ४०,००० च्या फर्नेसला ९३ च्या आसपास. बराच फरक आला तर तंत्रज्ञाला तिथेच थांबवा.

मग उदबत्तीची परीक्षा पुन्हा करा, नव्या रचनेत. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आहेत ना, आणि त्यांची मुदत संपलेली नाही ना, ते पाहा. नंतर गावाच्या इन्स्पेक्टरला बोलवा. ही जबाबदारी काँट्रॅक्टरची असली तरी परमिट बंद झाल्याचा कागद तुमच्या हातात हवा. घर विकताना उघडं राहिलेलं परमिट व्यवहार अडवतं.

९. नोंदणी आणि पहिला हिवाळा

बऱ्याच कंपन्यांची दहा वर्षांची वॉरंटी ६० किंवा ९० दिवसांत ऑनलाइन नोंदणी केली तरच मिळते, नाहीतर ती पाच वर्षांवर येते. काँट्रॅक्टर करेल म्हणून थांबू नका, त्याच रात्री नोंदवा.

पहिल्या हिवाळ्यात आठवड्यातून एकदा फर्नेसखालची जमीन कोरडी आहे का पाहा. मोठा बर्फ पडला की बाहेरचे दोन्ही पाइप मोकळे करा. टू स्टेज फर्नेस असेल तर रात्री थर्मोस्टॅट फार खाली नेऊ नका. सकाळी ती एकदम पूर्ण ज्योतीवर जाते आणि मंद चालण्याचा फायदा जातो.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवा, घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य नळ बंद करा आणि शेजाऱ्याला किल्ली देऊन आठवड्यातून दोनदा आत डोकवायला सांगा. निघण्याच्या आदल्या दिवशी कंडेन्सेटच्या (फर्नेसमधून निघणाऱ्या पाण्याच्या) पंपात पाणी ओतून तो सुरू होतो की नाही ते पाहा. पंप तुंबला की सेफ्टी स्विच फर्नेस बंद करतो, आणि तीन-चार आठवडे घर रिकामं असेल तर ते कोणाला कळतही नाही.